निरंकार सोमवार

त्या रविवारी माझ्या आईच्या तोंडातून जेवणाच्या ताटात रक्त पडलं, आणि आदल्या दिवसापर्यंत आम्ही सगळे तिचं कौतुक करत होतो. दोन्ही गोष्टी मला एका दमात सांगाव्या लागतात, कारण दोन्हींचं मूळ एकच होतं.

आई म्हणजे शोभाबाई. समुद्रपूरला आमचं कापडाचं दुकान आहे. बाबा, म्हणजे महादेवराव, आणि माझा धाकटा भाऊ धीरज ते बघतात. धीरजची बायको दिपाली. मी अंजू, लग्न होऊन वर्ध्याला आले. माझ्या जिभेला हाड नाही असं माहेरी सगळेच म्हणतात. आणि गेलं वर्ष-दीड वर्ष त्या घरात हाडांशिवाय दुसरा विषयच नसल्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच ऐकावं लागत होतं.

विषय निघाला तो आईच्या मनगटावरून. न्हाणीत पाय सटकला, तिनं हात टेकला, मनगट मोडलं. पडणं इतकं साधं होतं की लहान पोर असतं तर रडलंही नसतं. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, आणखी एक तपासणी झाली, आणि डॉक्टर अंकिता नावाच्या तरुण बाईंनी समोर बसवून सांगितलं, "शोभाबाई, तुमची हाडं आतून पोकळ झाली आहेत. आता लक्ष दिलं नाही तर पुढे खुबा मोडेल, पाठीचे मणके दबतील."

आईनं प्लास्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं एवढंच विचारलं, "मी वाकीन का?"

हा प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. आईची आई शेवटच्या वर्षांत विळ्यासारखी वाकली होती. तिला माणसं पायांवरून ओळखावी लागत. "अंजू आली काय वं? चप्पल नवी दिसते," असं ती म्हणायची आणि आम्ही पोरं खिदळायचो. आई मात्र कधी हसली नाही. आईला मरणाची भीती नाही, ती खुशाल मरणावर गप्पा मारते. तिला भीती होती ती जमिनीकडे बघत जगण्याची.

म्हणून गोळी मिळाली तेव्हा तिनं ती प्रसादासारखी ओंजळीत घेतली. आठवड्यातून एकच गोळी. डॉक्टरांनी नियम सांगितले: सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी तिथेच उभी होते. पेलाभर पाणी हे शब्द त्यांनी उच्चारले होते, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन.

आईनं वार निवडला सोमवार, महादेवाचा. इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो चहाचा. आई पहाटे उठून चहा प्यायची आणि मग गोळी घ्यायची, कारण तिच्या लेखी चहा हे काही खाणं नव्हे. आमच्या भागात कुणाच्याच लेखी नाही. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, "चहानंतर घेतलेली गोळी वाया गेली समजा. पोटात दुसरं काही असेल तर ती अंगी लागत नाही."

झालं. घरी येऊन दिपाली कामाला लागली. ती बी.एस्सी. आहे, घरातली औषधं तिच्याच ताब्यात. तिनं सांगितलं, सोमवारी चहा बंद. आई म्हणाली, "बरं, मंग दूध घेते." दूध नाही. "मंग लिंबाचं सरबत?" तेही नाही. "अवं, उपासाले तं चालते!" असा आईचा युक्तिवाद. दोन सोमवार हेच चाललं. शेवटी दिपालीनं कपाळावर हात मारला आणि आईला कळेल अशा शब्दांत सांगितलं, "आई, तुमी असं समजा का सोमवारी सकाळी निरंकार हाये. बस."

"असं म्हन ना मंग," आई म्हणाली. "उगंमुगं रिकामं पोट, रिकामं पोट करून राह्यली."

चहा त्या दिवसापासून सुटला. दिपालीनं मला फोनवर हा किस्सा रंगवून सांगितला आणि मी पोट धरून हसले. वहिनीला सासूची नाडी सापडली म्हणाले. खरंच म्हणाले, आणि मनापासून.

पुढे समुद्रपूरला हाडं तपासायचं शिबिर झालं. आईच्या वयाच्या कितीतरी बायांची हाडं तशीच निघाली. त्यांनाही तीच गोळी मिळाली, आणि मग जे व्हायचं ते सुरू झालं. विमलाबाई गोळी घ्यायचंच विसरायच्या. रोजची गोळी आठवते, आठवड्याची कुणाला आठवणार? गल्लीतल्या कौशल्याबाईंनी आपलं पाकीट देव्हाऱ्यात ठेवून दिलं होतं. "दुखल तवा घेईन," त्या म्हणायच्या. एकीनं गोळ्या बहिणीला वाटून टाकल्या. डॉक्टर अंकिता अगदी रडकुंडीला आल्या होत्या. हाडं मोडेपर्यंत दुखतच नाहीत, म्हणून बाया गोळी घेत नाहीत, आणि मोडल्यावर मग पस्तावतात, असं त्या माझ्याशी बोलल्या.

हे सारं आईच्या कानावर गेलं आणि आईनं पदर खोचला. तिचं म्हणणं साधं होतं. औषध म्हटलं की माणूस टाळतो, व्रत म्हटलं की टाळत नाही. तिनं एकेकीच्या घरी जाऊन सांगितलं, "सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळात येजो. आपापली गोळी घेऊन येजो. सगळ्याजनी मिळून घेऊ, संगं बसू, कोनी आडवं होनार नाई. दुपारच्या आरतीनंतर घरी." डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला होता. आईनं तो थेट आरतीपर्यंत वाढवला. अर्ध्या तासानं गुण येतो तर एवढ्या वेळानं किती येईल, असा तिचा हिशेब.

एकही बाई चुकेना. विमलाबाईंना शेजारीण हाताला धरून आणी. कौशल्याबाईंनी देव्हाऱ्यातलं पाकीट काढलं आणि मग सगळ्यांत कडक नियम त्याच पाळू लागल्या. देवळाच्या ओट्यावर म्हाताऱ्या पाठ ताठ करून ओळीनं बसलेल्या बघायला लोक थांबायचे. पुढच्या शिबिरात डॉक्टरांनी विचारलं, "सगळ्या गोळी घेता ना?" "घेतोऽ" असा एका सुरात होकार आला. मग डॉक्टरांनी आईला पुढे बोलावलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आई ताठ उभी होती. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

आम्हीही काय करत होतो? बाबा विचारायचे, धीरज विचारायचा, मी फोनवर विचारायचे, "आई, गोळी घेतली का?" "घेतली ना वं," ती सांगायची. घेतली का, हे सगळ्यांनी विचारलं. कशी घेतली, हे कुणालाच सुचलं नाही.

मग तो रविवार. मी सुट्टी म्हणून माहेरी गेले होते. दिपालीनं झुणका-भाकर केली होती आणि आई ताटात दूध ओतून भाकरीचा काला करत होती. तिखट पुढ्यात असताना आई दूध-भाकर खाते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काऊन वं आई?"

"दात दुखून राह्यला."

"दात दुखते तं हात छातीवर काऊन?"

तिनं हात पटकन काढला. "पित्त हाये, अंजू. घास उतरताना जरासाक जळते. तू जेव."

"कधीपासून?"

"तू जेव म्हटलं ना!"

तिनं एक घास घेतला. गिळताना डोळे घट्ट मिटले. मी बघतच होते. मग तिला उमासा आला, ती ताटावर वाकली आणि दुधात लालभडक रक्त पडलं. एकदा, मग परत. बाबा अर्धवट उठून तसेच थिजले. दिपालीच्या हातातलं उलथणं खाली पडलं. मी किंचाळले असणार, कारण शेजारचे धावत आले, पण मला माझा आवाज ऐकू आला नाही. आई मात्र हातानं ताट झाकायला बघत होती. कुणी पाहू नये म्हणून.

धीरजनं गाडी काढली. समुद्रपूरहून जाम, जामहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वर्धा, सारा रस्ता आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती सारखी उठून बसायला बघत होती. मी तिला दाबून धरत होते. कर्करोग हा शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. बाबा पुढच्या सीटवर बसले होते, त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दिपाली मुलांसाठी समुद्रपूरलाच थांबली. रविवारची रात्र सलाईनवर गेली. सोमवारी भल्या सकाळी आईच्या घशातून दुर्बीण घालून आत पाहिलं. मग डॉक्टर अंकिता आमच्याकडे आल्या.

"कर्करोग नाही," त्या म्हणाल्या. धीरजनं सुस्कारा सोडला. "पण अन्ननलिका आतून भाजली आहे. जखमा आहेत, एक खोल आहे. तिथूनच रक्त आलं. आम्ही ते थांबवलंय. सध्या तोंडानं काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि बोलणंही नको." मग त्या पलंगाजवळ गेल्या आणि हळू आवाजात विचारलं, "शोभाबाई, नुसत्या मानेनं सांगा. हाडाची गोळी किती पाण्यासोबत घेता?"

आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी काही अभद्र विचारलं. मग सलाईन नसलेला हात वर केला आणि तळवा उताणा करून हलवला. नाही.

"एक घोटही नाही?"

नाही.

"मग गिळता कशी?"

आईनं जीभ जरा बाहेर काढली, त्यावर बोट ठेवलं आणि गिळल्यासारखं केलं. थुंकीनं.

डॉक्टरबाई पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "अहो, ती गोळी वाटेत चिकटली तर कातडी जाळते," त्या पुटपुटल्या, आम्हाला की स्वतःला कोण जाणे. "म्हणून तर पाणी. मी तर पाणी सांगितलं होतं." सांगितलंच होतं. मी साक्षीला होते. मग आईनं पाणी सोडलं कशानं?

आणि मला तो किस्सा आठवला. ज्यावर मी पोट धरून हसले होते तो.

मी धीरजचा फोन हिसकावला आणि तिथूनच दिपालीला लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुझी बी.एस्सी. चुलीत घाल, इथपासून सुरुवात होती. तिला आधी काही कळेचना. मग निरंकार हा शब्द मी ओरडले.

"ताई," ती म्हणाली, आवाज पार गेलेला. "म्या चहासाठी म्हटलं होतं वं. चहा सुटावा म्हनून. मले काय मालूम का आई पानीबी..." आणि ती ढसाढसा रडायला लागली.

निरंकार म्हणजे निरंकार. उपासाला बटाटा चालतो, शेंगदाणे चालतात, चहा तर धावतो. निरंकाराला पाण्याचा थेंब घशाखाली जात नाही. हे दिपालीला ठाऊक नव्हतं? तिला ठाऊक होतं, मलाही होतं. पण आम्ही तो शब्द बोलायला वापरतो. आई तो पाळते.

मी आणखी काही बोलणार तोच माझा पदर ओढला गेला. आई उठून बसायची धडपड करत होती. डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. बोटानं घड्याळ दाखवत होती, मग फोन, मग परत घड्याळ.

"आई, नाई! आज गोळी नाई!" माझा संताप उफाळला. "सोमवार गेला खड्ड्यात! त्या गोळीनंच तुही ही दशा केली, अन् तुले अजून तिचीच पडली हाये?"

तिनं जोरजोरात मान हलवली. ते नाही. मग डॉक्टरांकडे एकवार पाहिलं, माफी मागितल्यासारखं, आणि बोलली. खरवडल्यासारखा आवाज आला.

"बाया."

"काय?"

"देवळात. बाया."

आणि मग मला कळलं. आज सोमवार. ओट्यावरची ती ओळ. विमलाबाई, कौशल्याबाई, सगळ्या. आईनंच त्यांना शिकवलं होतं: चहा नाही, दूध नाही, पाणी नाही. निरंकार. आई दवाखान्यात गेली म्हणून त्या थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. उलट आईसाठी आणखी मनोभावे बसल्या असत्या.

"दिपाली!" मी फोनमध्ये ओरडले. "रडनं बंद कर. गडवा घे, कळशी घे, जे असन ते घे अन् देवळात पळ! बाया कोरडी गोळी घेऊन राह्यल्या! पानी पाज त्याइले!"

फोन बंद झाला नव्हता. धीरजनं स्पीकर लावला. आम्हाला नळाचा आवाज आला, भांडं आपटल्याचा, मग दिपालीच्या धावण्याचा, धापांचा. ही पोरगी लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला रस्त्यानं धावताना पाहिलं नव्हतं. मग देवळाची घंटा आणि बायांचा कालवा.

"पानी प्या! आत्ताच्या आत्ता प्या! आईले रक्ताची उलटी झाली त्या गोळीनं!"

"अवं बाई!" "काय म्हनते हे?" "शोभाले?" कुणीतरी रडू लागलं. विमलाबाईंचा आवाज ओळखू आला, "दे वं, दे मले," आणि मग घटाघटा पिण्याचा. एकेक बाई पीत होती. दिपाली मध्येच आम्हाला सांगत होती, हिनं घेतलं, तिनं घेतलं.

मग दिपालीचा आवाज अडला. "ताई, कौशल्याबाई नाई म्हनून राह्यल्या."

"फोन दे त्याइले!"

"मी कायले पेऊ?" कौशल्याबाईंचा आवाज आला, खणखणीत. "डाक्टरीनबाईनं आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या तवा कोनी पानी म्हटलं नाई. आरतीच्या आधी निरंकार मोडू? आन् तेबी शोभा बिमार असताना? म्या तिच्यासाठी बोलली हाये महादेवाले."

डॉक्टर अंकिता स्वतः पुढे झाल्या. फोनजवळ तोंड नेऊन त्यांनी समजावलं, विनवलं, आवाज चढवला. "तुमची गोळी आता घशात अडकली असेल आजी, दर मिनिटाला जखम होतेय!" काही उपयोग नाही. "शोभा म्हनन तं पेईन," एवढंच उत्तर.

आईनं हात पुढे केला.

"नको," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनीच फोन आईच्या तोंडाजवळ धरला.

"कौशल्या." तो आवाज मी ओळखला नसता. "पानी पे."

"शोभा? तूच हायेस का वं? गळ्याले काय झालं तुह्या?"

"पे पानी. पुरा गडवा."

"निरंकार मोडते ना पन."

"मोडू दे."

"तू मोडला का?" कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांचाही आवाज आता भिजला होता. "तू पेलीस का पानी? तू पे आधी. मंग मी पेते."

आम्ही सगळे आईकडे बघत होतो. पलंगाच्या पायथ्याशी पाटी होती, तोंडाने काही देऊ नये. तिचे ओठ फुटले होते, कोपऱ्यात रक्त सुकलं होतं. स्टुलावर माझी पाण्याची बाटली होती. आईनं त्या बाटलीकडे पाहिलं. आमच्या घरात आईची ख्याती अशी की सोमवारी ती गिऱ्हाइकाला कापडाचा रंग जाणार नाही एवढंसुद्धा सांगत नसे. महादेवाच्या वारी बोललेलं खोटं ठरलं तर?

"पेली," आई म्हणाली. "आत्ताच पेली. लय थंडगार हाये."

मग गडव्याचा आवाज आला, दाताला लागल्याचा. मग एक घोट, दुसरा, आणि मग कौशल्याबाई थांबल्याच नाहीत. दिपाली रडत रडत ओरडली, "पेल्या! ताई, पेल्या!"

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तर हसू येत होतं की रडू, तेच कळत नव्हतं, आणि माझी जीभ पहिल्यांदाच जागेवर होती.

डॉक्टरांनी फोन बाजूला घेतला. सलाईनचा हात जपत आईनं दोन्ही हातांनी कान पकडले, खिडकीकडे बघून, देवळाच्या दिशेनं असावं बहुतेक. मग माझ्या बाटलीकडे बोट केलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं.

"आज नाही, शोभाबाई," डॉक्टर अंकितांचे डोळे भरले होते. "उद्या बघू. आज एक थेंबही नाही."

आईनं समजुतीनं मान हलवली आणि उशीला न टेकता, पाठ ताठ ठेवून बसून राहिली. आरतीला अजून वेळ होता.